नवीन फोल्डर

सोमवार, ४ नोव्हेंबर

दुरुस्तीवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, "काकू, नुसतं 'बंद पडतो' म्हटलंत तर मला काही कळायचं नाही. बंद पडला की लिहून ठेवा. काय उघडलं होतं, काय दाबलं, पडद्यावर काय आलं." म्हणून ही वही काढली.

तर आजचं. दाबलं काहीच नाही, नुसती पान खाली सरकवत होते. आधी बाण अडकला. मग सगळा पडदाच थिजला. मग निळा झाला, त्यावर एक रडका चेहरा आला, आणि कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू झाला. गावचाच नसल्यासारखा.

'काय उघडलं होतं' ह्याच्यापुढे मी 'बातम्या' असं लिहिलं आणि मग खोडलं. बाईंना द्यायला वेगळी चिठ्ठी करीन. स्वतःच्या वहीत कशाला खोटं बोलायचं? भिंगरीचं पान उघडलं होतं.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. एकुलती एक. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून तिच्या बाबांनीच हे नाव ठेवलं. शिकली आणि दुसऱ्या शहरात लिफ्टच्या कंपनीत लागली. लिफ्ट तपासायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या. त्या कामाबद्दल ती इंटरनेटवर लिहायची, फोटो टाकायची, कधी लिफ्टच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही. 'वरखाली' नाव ठेवलं होतं त्या पानाचं. गेल्या वर्षी मे महिन्यात कामावरून आली, डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती.

दुपारी जेवण झालं की हे बाहेर जातात. गुडघा कुरकुरतो, तरी जातात. बागेतल्या बाकावर बसून राहतात. घरात थांबवत नसणार. तेवढ्या वेळात मी वाचते. ह्यांच्यासमोर तिचा विषय काढायची सोयच नाही. काढला की चपला घालून चालू लागतात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

धाकट्या बहिणीला फोन केला. तिचा जावई कॉम्प्युटरमधला, त्यामुळे तीही आता स्वतःला त्यातलीच समजते. म्हणाली, "हिस्टरी पूस, कॅशे का काय ते पूस, आणि बंद करून चालू कर." बंद करून चालू कर हा तिचा सगळ्यावरचा उपाय. सांधे दुखोत, सून रुसो.

केलं सगळं. पुन्हा तेच. अर्ध्यापर्यंत गेलं की मान टाकतो. त्या पानावर वर नवीन लिखाण आहे आणि खाली जुनं जुनं होत जातं. मी मुद्दाम तळापासून वर यायला बघते, म्हणजे तिच्या पहिल्या नोकरीच्या दिवसापासून. पण वरचा अर्धा भाग कधी हाती लागतच नाही. उघडल्याबरोबर वरचं दिसतं, पण शेवटचं आधी वाचायचं नाही म्हणून मी न बघता खाली जाते. शेवटी तिने काय लिहिलं ते मी अजून वाचलेलं नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पानाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी आलीय. मला वाटलं जाहिरात. आज चष्मा पुसून वाचली. ज्या साइटवर तिचं पान आहे ती कंपनी ही सेवाच बंद करतेय. ३० नोव्हेंबर. ज्यांची पानं आहेत त्यांनी आपापलं सामान काढून घ्यावं.

वाचलं आणि माझाच जीव वरखाली झाला. काढून घ्यायला तिचा पासवर्ड पाहिजे. तो तिच्याबरोबर गेला.

धाकटीला सांगितलं असतं तर तिच्या जावयाने काहीतरी केलं असतं. पण धाकटीला सांगणं म्हणजे नातेवाइकांच्या ग्रुपवर दवंडी पिटणं. मग साठ माणसं हात जोडल्याची चित्रं पाठवणार. नको. आधी हा डबा नीट चालू दे, मग माझं मीच बघीन. तीन आठवडे आहेत अजून हातात.

शनिवार, ९ नोव्हेंबर

दुरुस्तीवाल्या बाई येऊन गेल्या. चाळिशीच्या असतील, कमरेला पिशवी, बोलणं तोडून टाकणारं पण हात मऊ. कॉम्प्युटरचं झाकण उघडलं तर आत पंख्यावर धुळीचा एवढा बोळा, की मला शरमल्यासारखं झालं. ब्रशने झाडलं, फुंकणीसारख्या यंत्राने उडवलं. "ह्याचा श्वास कोंडतोय काकू," म्हणाल्या.

मग विचारलं, "कोण कोण वापरतं?"

हे पेपर वाचत होते. पेपराआडूनच म्हणाले, "हीच."

खरं म्हणजे हेही वापरतात. पहाटे माझ्याआधी उठतात, आणि मी उठते तेव्हा कॉम्प्युटरपाशी चहाच्या कपाचा ओला गोल असतो आणि माऊस डावीकडे गेलेला असतो. हे डावखुरे. पत्ते खेळत असणार, आणखी काय? त्यांच्या ऑफिसातले सगळे निवृत्त झाल्यावर तेच करतात. पण बाईंसमोर कबूल करायची लाज वाटली असेल, म्हणून मी गप्प राहिले.

बाई गेल्यावर तासभर छान चालला. मग रडका चेहरा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज एक आख्खं वाचायला मिळालं. लिफ्टच्या अगदी तळाशी, जमिनीखाली, एक खड्डा असतो म्हणे. साफसफाईला त्यात उतरावं लागतं. लिफ्टच्या दारात जी बोटभर फट असते ना, तिच्यातून पडलेलं सगळं तिथे जमतं. किल्ल्या, नाणी, कानातली, एका डबीतला दुधाचा दात. तिने लिहिलंय, "वरच्या मजल्यांवर जे हरवतं ते खाली मला सापडतं." मग ती ते सगळं धुऊन, पुसून, इमारतीच्या दाराशी टेबलावर मांडून ठेवायची, आणि येणारी-जाणारी माणसं आपापलं ओळखून उचलायची. एक आजोबा अठरा वर्षांपूर्वीची किल्ली घेऊन गेले. ते कुलूपही आता नाही, तरी घेऊन गेले.

हे मला तिने फोनवर कधी सांगितलं नव्हतं. फोनवर आम्ही जेवलीस का, झोपलीस का, एवढंच बोलायचो.

खाली फोटो होता. तो उघडेपर्यंत पडदा निळा.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

बाईंनी मेमरीची नवी पट्टी बसवली, ब्राउझरही दुसरा घातला. काल दुपारी बरा होता. आज पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एक गंमत. सकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये धक्का देऊन थांबली नि परत सुरू झाली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी खाली येऊन वॉचमनला ओरडत होत्या, दोर तुटला असता म्हणजे? हे शेजारीच उभे होते. शांतपणे म्हणाले, "दोर एक नसतो, सहा असतात. आणि सगळे तुटले तरी लिफ्ट पडत नाही. वेग वाढला की खालून जबडा रुळाला धरतो."

मी बघतच राहिले. ह्यांना काय माहीत? पेपरात काहीतरी आलं असेल.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज राग आलाय तो इथेच काढते.

परवा, बुधवारी, ह्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यानंतर दोन आठवडे टीव्ही नाही, कॉम्प्युटर नाही. ऑपरेशन खरं तर मागच्याच आठवड्यात व्हायचं होतं. ह्यांनी पुढे ढकललं. का, तर "जरा काम आहे." ह्या माणसाला कसलं काम? आज पहाटे साडेचारला उठून कॉम्प्युटरपुढे बसले ते नऊ वाजेपर्यंत. डोळा बांधायच्या आधी पत्ते खेळून घेताहेत.

लेक गेली आणि हा माणूस पत्ते खेळतो. ती लिफ्टच्या कंपनीत लागली तेव्हा म्हणाले होते, "एवढं शिकून लोकांच्या वंगणाच्या दोऱ्या ओढणार?"  त्यानंतर ती घरी आली तरी कामाचं अवाक्षर काढायची नाही. आणि आता ती नाही तर हे तिचं नावही काढत नाहीत. तिचा भिंतीवरचा फोटोही ह्यांनीच काढून कपाटात ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "उन्हाने फिका पडेल." आमच्या त्या भिंतीवर ऊन येतच नाही.

पुरे. वाईट लिहिलंय, पण खोडत नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली आहे, दिवसातून चार वेळा थेंब. हे आतल्या खोलीत पडून असतात. दुपारी बाहेर जाता येत नाही, तर मला म्हणतात, "माझं दार लोटून घे. आणि तुझं काय असेल ते चालू दे."

आणि आज मोठी गोष्ट झाली. रोग सापडला.

बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "काकू, एक राहिलंच बघायचं. 'सी' लिहिलंय तिथे पट्टी दिसते का? कुठल्या रंगाची?" मी म्हटलं, "लाल. टोकापर्यंत." त्या हसल्याच. "मग घर भरलंय तुमचं. पाय ठेवायला जागा नाही. मोठं पान उघडलं की त्याला टेकायला जागा लागते, ती मिळत नाही, म्हणून तो कोसळतो. नको असलेलं फेका."

फेकण्यासारखं काय आहे बघायला गेले तर 'नवीन फोल्डर' नावाचं एक खोकं. त्याच्या आत 'नवीन फोल्डर २', '३', '४', असे कितीतरी. एकात शिरून पाहिलं. आत नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकमेकांत कालवलेल्या नावांचे शेकडो तुकडे, दोन-चार दाबून पाहिले ते उघडेनात. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. बाई म्हणाल्या, "तुमचं नाही ना? गेम-बिम घातला असेल कुणी, त्याचं असतं असं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पत्ते.

तरी मी विचारल्याशिवाय हात लावला नाही. आत जाऊन म्हटलं, "अहो, कॉम्प्युटरवरचे तुमचे पत्ते पुसून टाकू का? जागा अडवून बसलेत."

हे पाठ करून पडले होते. म्हणाले, "पूस. मला काय करायचेत पत्ते."

मग सगळं उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाईंच्या सांगण्यावरून डबाही रिकामा केला. बराच वेळ हिरवी रेघ सरकत होती. आणि लाल पट्टी निळी झाली, निम्म्यावर आली.

भिंगरीचं पान उघडलं. वर गेले, खाली आले, फोटो उघडले, आवाज लावला. काही म्हणता काही झालं नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

डबा चालतोय. तीन दिवसांत एकदाही रडका चेहरा नाही.

आता घाई नाही म्हटल्यावर गंमत अशी झालीय की वाचवत नाही. म्हणजे रोज एकच वाचते. लहानपणी बरणीत दोनच गोळ्या उरल्या की कशा चोखून चोखून पुरवायचो, तसं. वरचे अजून बरेच आहेत. शेवटचं वाचलं की संपलं. मग ती नवीन काही बोलायची नाही.

आज एका बाईबद्दलचं वाचलं. लिफ्टची भीती म्हणून ती रोज सगळे मजले पायी चढायची, हातात पिशव्या घेऊन. एकदा भिंगरी तिच्याबरोबर पायी चढली, आणि येताना तिला लिफ्टने घेऊन उतरली. खाली येईपर्यंत त्या बाईने हिचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी चार बोटं उमटली होती. त्या बोटांचा फोटो टाकलाय. तिचा दंड. तो तीळ.

 आतून हे म्हणाले, "थेंबांची वेळ झाली का?" झाली होती.

बुधवार, २७ नोव्हेंबर

बाईंना विचारलं, एखादं पान आपल्याकडे कायमचं ठेवायचं असेल तर कसं ठेवतात. "अहो, सोपं आहे. फोनवर नको, चुकेल काहीतरी. शनिवारी तुमच्या खालच्याच मजल्यावर काम आहे. येते तेव्हा पाच मिनिटांत दाखवते." शनिवार म्हणजे ३० तारीख. बरोबर बसतंय. त्यांना सांगावं लागेल कुणाचं पान आहे ते. सांगेन. बाई बऱ्या आहेत.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सकाळी उघडलं. पांढरा पडदा. 'हे पान आता उपलब्ध नाही.'

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ब्राउझर बदलला. कॅशे पुसला. पंख्यावर हात ठेवून पाहिला, गार होता. सगळं ठणठणीत आहे. पान नाही.

बाई आल्या. त्यांनी कंपनीची सूचना शोधून वाचली. म्हणाल्या, "काकू, त्यांनी तीस तारखेपासून बंद म्हटलं होतं. तुम्ही तीस तारखेपर्यंत समजलात."

रविवार, १ डिसेंबर

काल लिहिलं त्यानंतरचं लिहायचं राहिलं. लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

बाई गेल्यावर मी तशीच खुर्चीत बसले होते. हे भिंत धरत बाहेर आले. "काय झालं?" म्हणाले. दीड वर्षात पहिल्यांदा मी ह्यांच्यासमोर रडले. म्हटलं, "तिचं पान गेलं. भिंगरीचं. ते बंद झालं. मला ठेवता आलं नाही."

मला वाटलं, आता उठून जातील. तर हे खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, वेडी आहेस का. मी ठेवलंय सगळं."

मला कळेचना.

"सगळं ठेवलंय," म्हणाले. "पिवळी पट्टी आली त्याच्याही आधीपासून ठेवतोय. आमच्या जुन्या ऑफिसातल्या लेखनिकाने शिकवलं. फोटो, आवाज, सगळं. रोज पहाटे पुन्हा नव्याने ठेवायचो. म्हटलं, एक खराब झालं तर दुसरं असावं. सरक, दाखवतो."

किती दिवसांनी त्या आवाजात बोलत होते. तिने शाळेतून बक्षीस आणलं की शेजाऱ्यांना दाखवायला काढायचे तेव्हाचा आवाज.

डोळ्यावरची वाटी वर केली. मी नको म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. "दोन मिनिटांनी काय होतंय." माऊस डावीकडे घेतला. वाकून, नाक पडद्याला लावून शोधू लागले. "इथेच आहे. नवीन फोल्डर नावाचं. नाव मला बदलता आलं नाही."

मला तिथेच कळलं.  हे शोधत राहिले. एक उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. "इथे होतं." मग चष्मा आणला, एक काच वाटीवर टेकत होती, म्हणून हाताने धरला. "कसं काय. नवीन फोल्डर. त्यात भरपूर होते."

मी म्हटलं, "अहो, मी पुसले. मला वाटलं पत्ते आहेत."

हे माझ्याकडे वळले. सुजलेला एक डोळा आणि एक चांगला. म्हणाले, "मला पत्ते खेळता येत नाहीत." रागाने नाही. समजावून सांगतात तसं.

मग कॉम्प्युटर रीतसर बंद केला, वाटी डोळ्यावर बसवली, आणि आत जाऊन पडले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, ५ डिसेंबर

बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी हार्डडिस्क काढून नेलीय. म्हणाल्या, पुसलेलं कधी कधी परत काढता येतं, पण मधल्या दिवसांत आपण कॉम्प्युटर वापरला, त्यावर नवीन लिहिलं गेलं असेल तर कठीण. मधल्या दिवसांत मी रोज वापरला. रोज एक पान वाचत होते.

जाताना दारात थांबल्या. "तुम्हाला गेमचं असेल असं मीच बोलले," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत. तुमच्यापासून मीच लपवलं होतं."

घरात आम्ही दोघं एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून जपून चालतोय. डोळ्यात थेंब घालते तेव्हा तेवढे जवळ येतो. आज घालताना हे म्हणाले, "पूस, असं मीच म्हटलं."  ह्यांनी अर्धं ओझं घेतलं, पण माझं काही हलकं झालं नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

बाई डिस्क घेऊन आल्या. पैसे घेईनात.

थोडे फोटो परत आलेत. काहींचा खालचा भाग राखाडी आहे. तारा, चाकं, वंगणाचे डबे, अंधारात लावलेला एक दिवा. तिचा चेहरा एकातही नाही. फोटो काढणारी तीच ना. दंडाचा फोटो आला नाही. लिहिलेलं काहीच आलं नाही.

हे एकेक फोटो बघत होते. एकावर बोट ठेवून म्हणाले, "हा गव्हर्नर. वेग वाढला की हा ओळखतो, आणि जबड्याला सांगतो." बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही त्या लाइनमध्ये होता का?"

"नाही," हे म्हणाले. "मुलगी होती."

शनिवार, १४ डिसेंबर

आज दुपारी हे बाहेर जायला निघाले. डोळा आता बरा आहे. मी म्हटलं, "आता कशाला जाता? आता मी काही वाचत नाही."

दारातच थांबले. मग म्हणाले, "तुला वाचता यावं म्हणूनच जायचो."

"आणि मला का नाही सांगितलंत, तुम्हीही वाचता ते?"

चपला काढून आत आले.  "ती असताना वाचलं असतं तर सांगितलं असतं," म्हणाले. "मागाहून वाचलं, ते कोणत्या तोंडाने सांगू?"

मी चहा टाकला. चहा पिता पिता विचारलं, "शेवटचं तुम्ही वाचलंत?"

"वाचलं की."

"मी नाही वाचलं. मी ठेवून दिलं होतं."

ह्यांनी कप खाली ठेवला. ह्यांना गोष्ट सांगता येत नाही. भिंगरी लहान असतानाही रात्री तिला गोष्ट मीच सांगायचे. ह्यांनी सुरू केली की राजा पहिल्याच वाक्यात मरायचा. पण सांगायला लागले, टेबलाकडे बघत.

एक माणूस सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकला होता. एकटाच. आतून दारावर लाथा मारत होता. एक सुटा भाग यायचा होता, त्याला वेळ लागणार होता. भिंगरी सातव्या मजल्यावर दाराबाहेर फरशीवर बसली आणि फटीतून त्याच्याशी बोलत राहिली. तिने लिहिलं होतं, अडकलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हटलं की तो जास्त घाबरतो. त्याला आईसारखं रागवायचं. ती म्हणाली, "आधी बूट काढा. काढलेत? आता खाली बसा. सकाळपासून पाणी प्यायलात का? नाही ना? वाटलंच मला." तो माणूस लाथा मारायचा थांबला. बसला. मग सुटका झाल्यावर बूट हातात घेऊन, तसाच मोज्यांवर निघून गेला. बूट घालायला सांगायचं ती विसरली होती.

एवढं सांगून हे थांबले.

मी विचारलं, "आईसारखं, असं लिहिलं होतं?"

"हो."

"असंच?"

"अगदी असंच नाही," म्हणाले. "तिचं वाचताना हसू यायचं. माझ्याकडून ते येत नाही."

ही वही पुढे ओढून, ह्यांनी जसं सांगितलं तसं मी उतरवून घेतलं. वाचून दाखवलं. ह्यांनी ऐकलं आणि मान हलवली. नाही, असं. तिचं हे नव्हे. पण खोडूही दिलं नाही.

रविवार, २२ डिसेंबर

आता दुपारी दोघं बसतो. ह्यांना आठवेल ते हे सांगतात, मला आठवेल ते मी. मी लिहिते. रोज थोडं. काही दिवशी काहीच आठवत नाही, तेव्हा नुसतं बसतो. ह्यांना तिची वाक्यं आठवतात, मला फोटो. पण आमच्या हातून उतरलं की ते आमचं होतं. दोन म्हाताऱ्यांनी सांगितलेलं. तिची ती चुणचुणीत वाक्यं त्यात नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळतं.

आज पायी चढणाऱ्या त्या बाईचं लिहायला घेतलं. मी म्हटलं, नऊ मजले. हे म्हणाले, अकरा. मी म्हटलं, नऊ, मी नीट वाचलंय, पिशव्या घेऊन कुणी अकरा मजले चढेल का? हे म्हणाले, "म्हणून तर तिने लिहिलं. नऊ असते तर कशाला लिहिलं असतं?" आवाज चढले. शेजारच्या वहिनींनी दार उघडून पाहिलं. ह्या घरात तिच्यावरून इतकं बोलणं दीड वर्षात झालं नव्हतं.

मग दोघंही एकदम गप्प झालो. विचारायचं कुणाला?

नऊ किंवा अकरा, असं लिहून ठेवलं.